सदतिसावं पान

"अगं, सदतिसावं पान कुठं गेलं?" काका दारातूनच म्हणाले. "शुक्रवारी अर्धं वाचून ठेवलं होतं. आज छत्तीसनंतर एकदम अडतीस येतंय."

सोमवार होता, सकाळचे साडेदहा. जूनचा पहिला आठवडा. शनिवारी रात्री वळवाच्या पावसात आमच्या भागातली वीज पाच-सहा तास गेली होती, पण सकाळी आले तेव्हा सगळं सुरू दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पुण्यातल्या एका लहान संस्थेत मी सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळते. संस्थेकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत, आणि गेली काही वर्षं आम्ही ते एकेक पान स्कॅन करून साठवतोय. काका मोडी वाचतात. पडद्यावर पान मोठं करून ते ओळ न्‌ ओळ देवनागरीत उतरवतात. मोडीत शब्द सुटे नसतात, एक वाक्य लागायलाच कधी कधी तास जातो. अशा माणसाचं मधलंच पान गायब झालं की सगळा धागा तुटतो.

आधी मला वाटलं, काकांच्या विंडोज मशीनवर काहीतरी अडलं असेल. आमच्याकडे मोडीवाचकांना सर्व्हरवरच्या फाइली सांबा या सॉफ्टवेअरमार्फत दिसतात, तिथे जुनी यादी अडकून राहण्याचे प्रकार होतात. म्हणून मी थेट सर्व्हरवर गेले आणि तोच फोल्डर उघडला. सदतीस नाही. पूर्ण नाव टाइप करून फाइल मागितली, कारण विखुरलेल्या स्टोरेजवर कधी कधी यादीत न दिसणारी फाइल नावानं हाक मारली तर येते. तीही आली नाही. 'नो सच फाइल.'

मग यादी नीट वाचली. सदतीसच नव्हे, चाळीस आणि एक्केचाळीसही नव्हती. पुढे बावन्न नाही, पंचावन्न नाही, अडुसष्ट नाही.

तोवर बातमी वरपर्यंत गेली होती. आमचे सर खाली आले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता: "कुणी डिलीट केलं का?" महिन्यापूर्वीच दोन मुली नावं भरायच्या कामाला लागल्या होत्या. खोलीतल्या सगळ्यांची नजर नकळत त्यांच्याकडे गेली. त्यातली एक उठून उभीच राहिली, "सर, आम्ही फक्त एक्सेलमध्ये भरतो, फोल्डरला हातही लावत नाही." तिचा आवाज कापत होता. तो आवाज मला दिवसभर ऐकू येत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी जी घाई केली ती निम्मी पानांसाठी आणि निम्मी तिच्यासाठी.

स्कॅनरशेजारी आमच्याकडे एक कागदी रजिस्टर असतं. रुमालाचा नंबर, पानांची संख्या, तारीख, स्कॅन करणाऱ्याची सही. संगणकात सगळं असताना हे कशाला, असं मागे एकदा मीच म्हणाले होते. त्या रजिस्टरनं मला वाचवलं. काकांच्या रुमालात २१२ पानं लिहिलेली होती, फोल्डरमध्ये दिसत होती १७७. म्हणजे ३५ कमी. दुसरा एक रुमाल घेतला: १४८ पैकी २६ नाहीत. तिसरा: ९६ पैकी १४ नाहीत. तिन्ही मिळून ४५६ पानांतली ७५ गेलेली. ७५ ला ६ नं गुणलं तर ४५०.

साधारण दर सहा पानांमागे एक. आणि आमच्या स्टोरेजमध्ये डिस्क किती? सहा.

इथे मी सरांना म्हणाले, "हे माणसानं केलेलं नाही." माणूस डिलीट करतो तेव्हा अख्खा फोल्डर उडवतो, नाहीतर शिफ्ट दाबून सलग पंधरा-वीस फाइली निवडतो. सगळ्या रुमालांत, सगळ्या वर्षांत, एक इथलं एक तिथलं असं पान उचलायला कुणाला सवड आहे? फाइली अशा पेरल्यासारख्या फक्त एकच गोष्ट उचलते, ती म्हणजे नावाचा हॅश, नावावरून हिशेबानं काढलेला आकडा.

आम्ही वापरतो ते ग्लस्टरएफएस, अनेक सर्व्हरवरच्या डिस्क जोडून एकच साठा दाखवणारं सॉफ्टवेअर. २०११ साली ते बनवणारी ग्लस्टर कंपनी रेड हॅटनं विकत घेतली, त्याच्याही आधीपासून या सॉफ्टवेअरचं वेगळेपण एकच आहे: कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे याची वही कुणाकडेच नसते. हडूपच्या एचडीएफएस या दुसऱ्या स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये नेमनोड असतो. तो गावच्या तलाठ्यासारखा, सगळ्यांचा सातबारा त्याच्याकडे. एखादा तुकडा हरवला तर तो सांगू शकतो की अमुक फाइलीचा अमुक ब्लॉक बेपत्ता आहे. ग्लस्टरमध्ये तलाठीच नाही. फाइलीच्या नावावरून एक आकडा निघतो, ० पासून ४२९ कोटींच्या वरपर्यंतचा. प्रत्येक फोल्डरसाठी ही आकड्यांची लांबलचक पट्टी सहा डिस्कांत वाटलेली असते, प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ७१ कोटी. ज्या वाट्यात आकडा पडला त्या डिस्कवर फाइल. त्यामुळे ३६ एका डिस्कवर, ३७ भलत्याच, ३८ आणखी तिसऱ्या. फोल्डर मात्र सगळ्या डिस्कांवर असतात, म्हणून एक डिस्क गेली तरी फोल्डर एकही हरवत नाही, आतून फक्त दाणे गळतात. आणि तलाठी नसल्यामुळे एखादी फाइल नाहीशी झाली तर तक्रार करायलाही कुणी नाही. ती कधी नव्हतीच, असं स्टोरेज शांतपणे सांगतं.

प्रत्येक फाइलीच्या दोन-दोन प्रती ठेवायची सोय ग्लस्टरमध्ये आहे. आम्ही ती घेतली नव्हती. तीन सर्व्हर, प्रत्येकात ८ टीबीच्या दोन डिस्क, एवढंच आमच्या पैशांत बसलं. प्रती ठेवल्या असत्या तर जागा निम्मी झाली असती. तेव्हाचा हिशेब मला अजूनही पटतो, पण हिशेब पटणं आणि सोमवारी सकाळी त्याची किंमत डोळ्यांसमोर दिसणं यात फरक आहे.

तर एक डिस्क बंद पडली असणार, असं गृहीत धरून मी 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस' चालवलं. व्हॉल्यूम म्हणजे सहाही डिस्क मिळून झालेला आमचा साठा. सहा ओळी आल्या. प्रत्येक ओळीत ब्रिकचं नाव, पोर्ट, आणि 'ऑनलाइन' या रकान्यात वाय. सहाच्या सहा वाय. ग्लस्टरच्या भाषेत ब्रिक म्हणजे सर्व्हरवरचा तो एक फोल्डर, ज्यात खऱ्या फाइली राहतात. सहाही ब्रिक सुरू होत्या.

मी खुर्चीत मागे टेकले. हात थंड पडले होते. ब्रिक बंद असती तर गोष्ट सोपी होती, सुरू केली की पानं परत. ब्रिक सुरू आहे आणि पानं नाहीत याचा एक अर्थ असाही होतो की डिस्कवरचा डेटाच गेला. आमच्या साठ्यात तेव्हा तीन लाखांच्या आसपास पानं होती. त्यांचा सहावा हिस्सा म्हणजे पन्नास हजार. बाहेरच्या डिस्कांवर प्रती होत्या, कपाटात ओळीनं ठेवलेल्या, पण एवढं सगळं परत भरायला आठवडे लागले असते आणि शेवटच्या महिन्यातलं काम तरीही अर्धवट सुटलं असतं.

सवयीनं 'हील इन्फो' टाइप केलं, म्हणजे एका प्रतीवरून दुसरी बरी करायचं काय बाकी आहे ते विचारलं. त्यानं सरळ सांगितलं की हे व्हॉल्यूम त्या जातीचं नाही. बरोबरच होतं, दुसरी प्रत नसेल तर बरं कशावरून करणार?

मग डिस्कची जागा दाखवणारं 'डीएफ' चालवलं, आणि पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. एकूण जागा आमच्याकडे ४४ टीबी दिसते. त्या दिवशी ३७ दिसत होती. सात टीबी गेलेली, म्हणजे नेमकी एक डिस्क. आमच्या देखरेखीच्या प्रोग्रामनं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, कारण त्याला मी फक्त टक्के बघायला शिकवलं होतं: ८५ टक्के भरलं की मेल पाठव. सहा डिस्का सारख्याच भरत आलेल्या होत्या. त्यातली एक काढली तरी टक्के जिथल्या तिथेच राहतात. एकूण आकडा कमी होऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच स्टेटसला पुढे 'डिटेल' जोडलं की प्रत्येक ब्रिकखाली कुठलं डिव्हाइस आहे, फाइल सिस्टीम कुठली, एकूण जागा किती, हे सगळं येतं. पाच ब्रिकांखाली ७.३ टीबी. चौथ्या ब्रिकखाली, म्हणजे दोन नंबरच्या सर्व्हरवरच्या दुसऱ्या डिस्कखाली, शंभर जीबी. आणि डिव्हाइसच्या जागी त्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिस्कचं नाव.

चौथी ब्रिक सुरू होती, पण स्वतःच्या डिस्कवर नव्हती. डिस्क जिथे माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची, त्या नुसत्या रिकाम्या फोल्डरवर ती बसली होती.

तेवढ्यात काका परत आले. "अगं, तू बघते आहेस तोवर ताईंना सांगितलंय ती पानं पुन्हा स्कॅन करायला. रुमाल काढलाय त्यांनी."

मी धावतच गेले. ताईंनी रुमाल सोडून टेबलावर पसरला होता. हे कागद हातानं बनवलेले, कडांना वाळलेल्या पानासारखे कडक झालेले. एकदा सोडायचा, सपाट करायचा, स्कॅन करायचा आणि परत बांधायचा, एवढ्यात प्रत्येक वेळी टेबलावर काही ना काही सांडतंच. त्या दिवशीही त्यांच्या काळ्या कापडावर नखाएवढ्या तपकिरी चकत्या पडलेल्या होत्या. एका चकतीवर शाईचा बारीक फराटा होता, कुठल्या तरी अक्षराची शेपटी. ताई चिमट्यानं ती उचलून पाकिटात ठेवत होत्या. स्कॅन करून ठेवतो ते ह्यासाठीच, की कागदाला पुन्हा हात लागू नये. मी म्हणाले, "ताई, थांबा. पानं आहेत. मला थोडा वेळ द्या." पानं आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तोवर पाच पानं झालेली होती: सदतीस, चाळीस, एक्केचाळीस, बावन्न, पंचावन्न. आणि ती त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावांनी सेव्हसुद्धा झाली होती. ही पाच नावं पुढे मला फार छळणार होती.

परत येऊन आधी सांबा बंद केलं. कुणालाही काही लिहिता येऊ नये, एवढीच पहिली गरज होती. मग आमच्याकडे वर्षभरापूर्वी लागलेल्या मुलाला बोलावलं. रविवारी सकाळी सर्व्हर सुरू करायला तो एकटाच आला होता. सर्व्हरच्या खोलीतल्या वहीत त्याच्या अक्षरात नोंद होती: 'सर्व्हर २, ब्रिक ४ बंद होती. सुरू केली. सर्व वाय.'

"मॅडम, ती सुरूच होत नव्हती," तो म्हणाला. "लॉगमध्ये येत होतं की व्हॉल्यूम आयडीचं अ‍ॅट्रिब्यूट नाही. नेटवर शोधलं तर उपाय मिळाला. दुसऱ्या ब्रिकवरून तो आयडी वाचायचा, इथे लावायचा आणि फोर्स देऊन स्टार्ट करायचं. केलं आणि लगेच झालं."

तो काही लपवत नव्हता. रविवारची सुट्टी सोडून आलेला, काम झाल्यावर समाधानानं घरी गेलेला मुलगा होता तो. मी त्याला शेजारी बसवलं आणि आम्ही दोघांनी मिळून मागे मागे जायला सुरुवात केली.

ग्लस्टर प्रत्येक ब्रिकच्या मुख्य फोल्डरवर व्हॉल्यूमची ओळख कोरून ठेवतो. ब्रिक सुरू होताना आधी ती खूण तपासली जाते, आणि ती नसेल तर ब्रिक सुरू व्हायला नकार देते. ही खूण ठेवलीय ती नेमकी अशाच प्रसंगासाठी: डिस्क माउंट झाली नसेल तर खालच्या रिकाम्या फोल्डरलाच डिस्क समजून कुणी काम सुरू करू नये. रविवारी सकाळी ग्लस्टरनं अगदी बरोबर नकार दिला होता. आपण त्या रिकाम्या फोल्डरला खोटं ओळखपत्र बनवून दिलं. तो उपाय खराही आहे, पण डिस्क बदलल्यावर, नव्या रिकाम्या डिस्कसाठी. नेटवर उपाय होता, कुठल्या दुखण्यावर तो घ्यायचा ते तिथं लिहिलेलं नव्हतं.

मग डिस्क माउंट का झाली नाही? सर्व्हरला लागलेल्या डिस्कांची यादी देणारं 'एलएसबीएलके' चालवलं आणि दोघांनी एकदमच बोट ठेवलं. सर्व्हरला एक यूएसबी डिस्क लागलेली होती. महिन्याच्या शेवटी नव्या स्कॅनची प्रत आम्ही तिच्यावर घेतो, ती काढायची राहून गेली होती. ती काढणं माझं काम होतं. वीज परत आल्यावर सर्व्हर उठला तेव्हा एसडीसी हे नाव त्या यूएसबीनं पटकावलं आणि आमची खरी डिस्क झाली एसडीडी. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत, मी लिहिलेलं होतं एसडीसी१, फाइल सिस्टीम एक्सएफएस. यूएसबीवर होतं ईएक्सटी४. जात जुळेना, माउंट फसलं. आणि त्या ओळीत 'नोफेल', म्हणजे 'डिस्क नाही जोडली गेली तरी थांबू नकोस', असल्यामुळे सर्व्हरनं ते निमूटपणे सोडून दिलं आणि पुढे चालू पडला. तो 'नोफेल'सुद्धा माझाच.

आणखी एक. ब्रिक बनवताना थेट माउंटच्या जागेवर बनवू नका, आत एक उपफोल्डर करा, असं ग्लस्टर स्वतः सांगतो. ऐकायचं नसेल तर फोर्स द्यावा लागतो. चार वर्षांपूर्वी मी फोर्स दिला होता, का ते आता आठवतही नाही. आत उपफोल्डर असता तर डिस्क नसताना तो फोल्डरच सापडला नसता आणि ओळखपत्र लावायला जागाच उरली नसती. त्या मुलाच्या एका फोर्सच्या मागे माझा एक फोर्स उभा होता. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं, आणि संध्याकाळी सरांनाही.

आता खरी डिस्क. तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून ती फक्त वाचण्यापुरती, वेगळ्याच ठिकाणी माउंट केली. एक्सएफएसला दोन-तीन सेकंद लागले. त्या दोन-तीन सेकंदांत खोलीत एसीशिवाय कुठलाच आवाज नव्हता. मग 'एलएस' टाइप केलं, रुमालाचा नंबर दिला.

सदतीस. चाळीस. एक्केचाळीस. बावन्न. पंचावन्न. अडुसष्ट. पस्तीसच्या पस्तीस, ९० एमबीच्या आगेमागे, तारखा जिथल्या तिथे. सदतिसावं पान मी कॉपी करून उघडून बघितलं. मोडी मला वाचता येत नाही, पण उजव्या कोपऱ्यातला तो पाण्याचा अर्धवर्तुळाकार डाग मला ओळखीचा होता.

मी नाव भरणाऱ्या त्या मुलीला आधी फोन केला आणि मग सरांना.

इथून पुढे घाई करायची नव्हती. मुलगा म्हणाला, "मॅडम, रिबॅलन्स चालवूया का?" मी म्हटलं, त्याला आत्ता हातही लावू नकोस. रिबॅलन्स फाइली एका डिस्कवरून दुसरीकडे हलवायला लागतो, आणि मुळात कोण कुठे आहे हाच गोंधळ असताना हलवाहलव म्हणजे गुंता वाढवणं. कपाटातल्या डिस्कांवरून परत भरण्यालाही मी नाही म्हटलं. फाइली आहेत, त्यांच्यापर्यंतचा रस्ता तेवढा तुटलाय.

व्हॉल्यूम थांबवलं. तोतया ब्रिकमध्ये दोन दिवसांत काही नवं येऊन पडलंय का ते आधी शोधलं. आत फोल्डरांचा नुसता सांगाडा होता. ग्लस्टर एखाद्या ब्रिकवर फोल्डर दिसला नाही की तो स्वतःच उभा करतो, तसे शेकडो रिकामे फोल्डर त्यानं उभे केले होते. एकही चित्र नव्हतं. याचं आधी आश्चर्य वाटलं, पण कारण साधं आहे. फोल्डर दुरुस्त करताना आकड्यांची पट्टी पुन्हा वाटली जाते आणि वाटताना डिस्कचा आकारही बघितला जातो. सात टीबीच्या भावंडांत शंभर जीबीवाल्याला वाटा मिळाला चिमूटभर. नव्या फाइली सगळ्या बाकीच्या पाच जणांकडे गेल्या.

तो सांगाडा डिलीट न करता बाजूला हलवून ठेवला. मोकळ्या झालेल्या माउंटच्या फोल्डरवरून खोटी खूण काढून टाकली, आणि त्यावर 'चअ‍ॅटर'नं 'आय' लावला. हा आय लागला की त्या फोल्डरमध्ये रूटलाही, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनलाही, काही लिहिता येत नाही, त्यावर नवी खूणही लावता येत नाही. वरून डिस्क माउंट झाली की हा फोल्डर झाकला जातो, त्यामुळे रोजच्या कामाला काही अडचण नाही. एफएसटॅबमध्ये एसडीसी खोडून डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे रीबूटनंतरही न बदलणारी ओळख, घातला, नोफेल काढला. मग खरी डिस्क तिच्या जागी माउंट केली, व्हॉल्यूम सुरू केलं, स्टेटस डिटेल. सहाही ब्रिकांखाली ७.३.

क्लायंटवर नव्यानं माउंट करून काकांच्या रुमालातल्या फाइली मोजल्या. २१२ यायला हव्या होत्या.

२१७ आल्या.

यादी बघितली तर सदतीस दोनदा. चाळीस दोनदा. ताईंनी दुपारी स्कॅन केलेली ती पाच पानं. वाटे बदललेले असताना ती सेव्ह झाली होती, त्यामुळे जुनी सदतीस चौथ्या ब्रिकवर आणि नवी सदतीस दुसरीकडेच. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन खऱ्या फाइली. उघडायला गेलं तर कधी एक उघडे, कधी एरर येई. लॉगमध्ये स्पष्ट होतं की दोन्हींचा जीएफआयडी जुळत नाही. जीएफआयडी म्हणजे ग्लस्टरनं प्रत्येक फाइलीला दिलेली ३२ अक्षरी ओळख. नाव एक असलं तरी ही ओळख वेगळी असेल तर ग्लस्टरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

ब्रिकच्या आत थेट हात घालायचा नाही, जे करायचं ते माउंटमधूनच, हा नियम मी सगळ्यांना शिकवते. इथे इलाज नव्हता. प्रत्येक ब्रिकवर त्या पाच नावांचा शोध घेतला. काही ठिकाणी शून्य बाइटच्या फाइली सापडल्या, परवानग्यांच्या जागी नुसता शेवटी एक टी. त्या फाइली नव्हेत, पाट्या आहेत, 'अमुक फाइल तिकडे राहते' एवढं सांगणाऱ्या. त्यांना घाबरून डिलीट करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांनाच खऱ्या फाइली समजून पान रिकामं झालं म्हणून रडणारेही. खऱ्या फाइली वेगळ्या ओळखू येतात: आकारावरून, तारखेवरून, आणि लिंकच्या आकड्यावरून. ग्लस्टर प्रत्येक फाइलीची दुसरी हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलीचं दुसरं नाव, आपल्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून आकडा दोन असतो. नुसती दिसणारी फाइल हलवली आणि आतली लिंक तशीच राहिली तर भूत मागे उरतं. आम्ही एकेक नाव घेतलं, 'गेटएफअ‍ॅटर'नं जीएफआयडी वाचला, मुलानं तो कागदावर लिहिला, मी पडद्यावरून पुन्हा वाचून दाखवला, मग सोमवारची फाइल आणि तिची लपलेली लिंक दोन्ही बाहेर काढल्या. पाच पानांना पाऊण तास लागला. चुकून जुनी बाहेर काढली असती तरी फाइल हरवली नसती, पण त्या दिवशी मला एकही 'चुकून' नको होतं.

नंतर फिक्स-लेआउट चालवलं, म्हणजे प्रत्येक फोल्डरमधली आकड्यांची पट्टी सहाही जणांत पुन्हा नीट वाटली जाते, फाइली न हलवता. रात्री साडेआठला ते संपलं. २१२. १४८. ९६. रजिस्टर घेऊन आणखी चाळीस रुमाल मोजले, सगळे जुळले, मग सांबा सुरू केलं.

ताईंची पाच नवी स्कॅन मी नावापुढे 'पुन्हा' लावून माउंटमधून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी काका आणि ताई दोन्ही शेजारी शेजारी लावून बसले. चाळिसाव्या पानाच्या जुन्या स्कॅनमध्ये डाव्या कडेला जो एक आकडा आहे तो नव्यात नाही. कागदाचा तेवढा तुकडा गळालाय. ताईंच्या पाकिटात तो असेल. काकांनी जुनंच ठेवायला सांगितलं आणि सदतिसाव्या पानावर जिथे थांबले होते तिथून पुढे वाचायला घेतलं. कुठल्या तरी ठाण्याचा दाण्या-वैरणीचा हिशेब आहे तो.

शनिवारी सगळे घरी गेल्यावर मी आणि तो मुलगा थांबलो. यूएसबी डिस्क मुद्दाम परत लावली आणि दोन नंबरचा सर्व्हर रीबूट केला. नावं पुन्हा बदलली, पण यूयूआयडीमुळे डिस्क बरोबर जागेवर बसली. मग सर्व्हर बंद करून चौथ्या ब्रिकची केबलच काढली आणि पुन्हा सुरू केला. दीड मिनिट तो डिस्कची वाट बघत राहिला, आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबला. काळा पडदा, रूटचा पासवर्ड मागणारी एक ओळ.

"आता काय करशील?" मी विचारलं.

तो कीबोर्डकडे गेला नाही. टॉर्च घेऊन खाली बसला, डिस्कवरच्या लेबलचा सिरियल नंबर वाचला आणि वहीत लिहिला.

"आधी ही कुठली डिस्क आहे ते बघतो, मॅडम."

मी केबल त्याच्या हातात दिली.